पूल झाले, हायवे झाले, आता साडेआठनंतरची बस कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण मधला हिशेब तेवढा ठेवा.

गेल्या गुरुवारी पणजीत ऑफिसातून निघायला उशीर झाला. कदंबच्या, म्हंजे आमच्या सरकारी बस महामंडळाच्या, स्टँडवर फोंड्याच्या गाड्या लागतात तिथं पोचलो तेव्हा आठ चाळीस झाले होते. माणसं भरपूर, बस एकच, तीही खासगी. आत दहाबारा जण बसलेले आणि ड्रायव्हर खाली चहा पितोय. नऊ वाजता कंडक्टर येऊन म्हणाला, गाडी वचना, लोक उणे, देंवात. उतरा म्हंजे उतरा, तक्रार कुणाकडे करणार, तिथं खिडकीत कुणी नव्हतं. आमच्यात कुंडईची एक बाई होती, नवरा बांबोळीला गोमेकॉत, म्हंजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, ॲडमिट, दिवसभर त्याच्यापाशी बसून आता घरी चालली होती, पिशवीत रिकामा डबा. ती कुणालाच काही बोलली नाही, नुसती खाली उतरून उभी राहिली. शेवटी सहा जणांनी मिळून टॅक्सी केली, त्या बाईकडून काही घेतलं नाही, आणि माझ्या वाट्याला जे आलं त्यात माझं आठवडाभराचं बसभाडं भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर नेहमीचंच, अमुक कोटींचा रस्ता, तमुक कोटींचा फ्लायओव्हर. म्हटलं आता लिहूयाच.

आधी एक कबूल करतो, मी पुलांच्या विरोधात नाही. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होतो, बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी लागणाऱ्या रांगा आमच्या पिढीनं बघितल्यात, त्यामुळे पुलाची किंमत आम्हाला कुणी शिकवू नये. जुन्या झुवारी पुलावर तर तास तास अडकलोय, विमान चुकलेली माणसं गाडीतून उतरून चालत निघालेली बघितलीत. नवा झुवारी पूल २०२२ च्या डिसेंबरात अर्धा सुरू झाला, पुढच्या डिसेंबरात उरलेला अर्धा, आठ लेन, खरंच सुटका झाली. मांडवीवर अटल सेतू २०१९ च्या जानेवारीत झाला, पाच किलोमीटरचा, तोही हवाच होता. मोपाचा विमानतळ झाला. पर्वरीत उन्नत मार्गाचं काम चाललंय, तिथल्या लोकांची धूळ खाऊन काय हालत झालीय ते त्यांनाच विचारा, पण तोही होईल.

पण एवढं सगळं होऊन आमच्यासारख्या माणसाचा घरातून ऑफिसपर्यंतचा वेळ किती कमी झाला? अटल सेतूवरून गाडी भुर्रकन येते आणि मेरशीच्या सर्कलला येऊन उभी राहते. आधी पुलावर थांबायची, आता पूल उतरून थांबते. कारण पूल रुंद केला की त्या भरवशावर आणखी दहा जण गाड्या घेतात, दोन वर्षांत नवा पूल जुन्यासारखाच भरतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती आणि आज रजिस्टर झालेल्या गाड्या पंधरा लाखांवर गेल्यात. म्हंजे माणशी एक गाडी, त्यात पाळण्यातलं पोर आणि अंथरुणाला खिळलेली आजीसुद्धा धरा. आमच्या घरात माणसं चार, गाड्या तीन, त्यातली एक बहुतेक वेळ नुसती उभी असते पण लागते म्हणून ठेवलीय, कारण रात्री काही झालं तर?

आता हिशेब. कुठलाही सरकारी आकडा नाही यात, माझ्या मनाचं गणित आहे, चुकलं तर दुरुस्त करा. समजा राज्यात रात्री आठनंतर १०० बस पळवायच्या, पणजी मडगाव म्हापसा फोंडा वास्को आणि त्यांच्यापुढं डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे, कुडचडे, काणकोण. प्रत्येक बस रात्री ६० किलोमीटर धावली, म्हंजे दोन खेपा, आणि किलोमीटरमागे डिझेल ड्रायव्हर कंडक्टर मेंटेनन्स सगळं धरून ६० रुपये पडले. १०० गुणिले ६० गुणिले ६० म्हंजे दिवसाला ३ लाख ६० हजार, वर्षाला १३ कोटी १४ लाख. आणि हा नुसता खर्च झाला, तिकिटाचे पैसे येतील ते वेगळे. झुवारी पूल आणि त्याचे जोडरस्ते मिळून अडीच हजार कोटींच्या आसपास गेले. एवढ्या पैशात माझ्या या १०० बस १९० वर्षं चालल्या असत्या.

ही तुलना बरोबर नाही हे मलाही कळतं. बँकेत नोकरी केलीय २९ वर्षं, आता एका सीएच्या ऑफिसात बसतो, भांडवली खर्च आणि चालू खर्च यातला फरक कळतो. आणि नेमकं तिथंच सगळं अडलंय. पूल, हायवे, विमानतळ यांना पैसा वरून येतो. राष्ट्रीय महामार्गाचा पैसा केंद्राचा, विमानतळ पीपीपीवर, म्हंजे सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीत, शिवाय २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीनं बिनव्याजी कर्ज देतं तेही भांडवली कामांसाठीच. म्हंजे सिमेंट ओतायचं असेल तर दिल्ली उदार आहे. पण रात्री नऊची बस दहा माणसं घेऊन वाळपईला पाठवायची तर त्याचा तोटा राज्यानं रोजच्या रोज आपल्या खिशातून भरायचा, त्याला ना भूमिपूजन ना पाटी. मग कुठला मंत्री बस मागेल? मी मंत्री असतो तर मीही पूलच मागितला असता.

पण मग राज्याला चालू खर्च झेपत नाही असं म्हणायचं तर फेरीबोटीचं काय? चोडण, दिवाडी, आमचं अख्खं नदीकाठचं जग फेरीवर चालतं, आणि चालत जाणाऱ्याला फेरीत एक पैसा पडत नाही. नदी परिवहन खात्याला कुणी विचारतं का की बाबा ही फेरी फायद्यात आहे का? मध्यंतरी दुचाकीला पैसे लावायचं निघालं होतं तर केवढा आरडाओरडा झाला, मागे घ्यावं लागलं. पलीकडं जायला पूल नाही म्हणून फेरी हा लोकांचा हक्क, हे आपण सगळ्यांनी मान्य केलंय. परवा २०२५ मध्ये रायबंदर चोडणला रो-रो फेरी आली, एका बाजूनं गाडी चढवून दुसऱ्या बाजूनं उतरवायची, चांगली आहे. मग फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या माणसानंच काय घोडं मारलंय? त्याच्या वाटेत नदी आडवी येत नाही एवढाच त्याचा गुन्हा? बरं, आम्ही फुकट मागतही नाही. तिकीट काढू, फक्त बस येऊ दे.

खासगी बसवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे, मीही गुरुवारी घातल्या, पण त्याचं गणित बघा. गोव्यातल्या बहुतेक रूटवर खासगी बसच पळतात, मालक बस ड्रायव्हर कंडक्टरच्या ताब्यात देतो आणि संध्याकाळी अमुक कलेक्शन हातात पाहिजे म्हणतो. डिझेल गेलं, मालकाचं गेलं, उरलं ते दोघांचं. म्हणून सकाळी स्टॉपवर दहा दहा मिनिटं उभी राहून 'पणजे पणजे पणजे' ओरडत बसतात, मागची बस दिसली की सुसाट सुटतात, आणि आत आपण एका पायावर उभे, वर कंडक्टर 'फाटीं वचात, फाटीं जागो आसा' करतोय, मागं जागा कसली, मागं एकाचं कोपर आणि दुसऱ्याची माशांची पिशवी. आणि रात्री माणसं कमी झाली की बस घरी. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. माणसं मोजून पैसे मिळणार असतील तर माणसं नसतील तिथं बस जाणारच नाही, त्यात स्वभावाचा काही प्रश्न नाही.

यावर उपाय सरकारला ठाऊक नाही असंही नाही. 'म्हजी बस' योजना त्यासाठीच आणली ना? खासगी बस कदंबनं भाड्यानं घ्यायची, मालकाला किलोमीटरमागे ठरलेले पैसे द्यायचे, तिकीट कदंबचं, टायमिंग कदंबचं. कल्पना एक नंबर. किलोमीटरचे पैसे मिळाले की बसमध्ये चार जण असोत की चाळीस, ड्रायव्हरला फरक पडत नाही, शर्यत थांबते, शेवटची फेरी चुकत नाही. पण ही योजना हात राखून चालवण्यासारखी नाहीच. एका रूटवर दोन बस योजनेत आणि आठ बाहेर असं झालं की ती आठ बाहेरची पुढं पळून माणसं गोळा करतात आणि योजनेतली बस मागून रिकामी येते, मग कुणीतरी म्हणणार बघा तोटा झाला. रूट घ्यायचा तर अख्खा घ्या. पणजी शहरात स्मार्ट सिटीच्या इलेक्ट्रिक बस २०२४ पासून फिरतात, स्वच्छ आहेत, एसी आहे, मला आवडतात, पण त्या मला स्टँडपासून मिरामारला नेतात. मी फोंड्याचा माणूस मिरामारला रात्री नऊ वाजता काय करू?

आता मूळ मुद्दा. आपण पणजीचं प्लॅनिंग वेगळं करतो, मडगावचं वेगळं, वास्कोचं वेगळं, जणू ही वेगवेगळी शहरं आहेत. अहो पणजी ते मडगाव ३५ किलोमीटरच्या आत, पणजी म्हापसा १३, पणजी फोंडा ३० च्या आत. मुंबईत विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, आणि तो एका शहरातला रोजचा प्रवास म्हणतात. आमचा कुंडईचा पोरगा सकाळी वेर्ण्याला नोकरीला, त्याची बहीण म्हापशाला, वडील मडकईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, हे एकाच शहरात राहतात, फक्त त्या शहरात मधे मधे काजूचे डोंगर आणि खाजन जमिनी, म्हंजे बांध घातलेली खाडीकाठची शेतं, आहेत. २०११ च्या जनगणनेतच ६२ टक्के गोवा शहरी धरला गेलाय. पण कागदावर पणजी महापालिका म्हंजे चाळीस हजार वस्ती! त्यामुळे केंद्राच्या शहरी वाहतूक धोरणात, २००६ च्या, दहा लाखांवरच्या शहरांसाठी जी एकत्रित वाहतूक प्राधिकरणाची सूचना आहे ती गोव्याला लागूच होत नाही असं समजून आपण गप्प. सगळा गोवा एक शहर धरा की, साडेचौदा लाख होतात.

आत्ता काय आहे बघा. बस परमिट आरटीओ देतं, कदंब महामंडळ वेगळं, १९८० पासूनचं, फेरी नदी परिवहनकडे, रस्ता पीडब्ल्यूडीकडे, हायवे केंद्राकडे, रेल्वे तिसरीकडे, आणि कुठं किती इमारती उठणार ते नगरनियोजन खात्याकडे. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. करमळीला रेल्वे उतरली की स्टेशनबाहेर बस नाही, टॅक्सी आहे. थिवी स्टेशन म्हापशापासून केवढं लांब, गाडी रात्री आली तर पायलट, म्हंजे मोटारसायकल टॅक्सीवाला, तोसुद्धा नसतो. कोकण रेल्वेत गोव्याचा ६ टक्के वाटा होता स्थापनेपासून, गोव्यातून लाइन नेण्यावरून केवढं रण माजलं होतं ते आठवतं, आणि एवढं करून पेडणे ते काणकोण सकाळ संध्याकाळ ऑफिसला जाता येईल अशी लोकल काही आपल्याला मिळाली नाही. एकेरी लाइन, लांब पल्ल्याच्या गाड्यांना आधी सोडणार, हे समजतं. पण लाइन दुहेरी करायचं निघतं तेव्हा ते वास्को बाजूला, आणि ते बंदरातल्या कोळशासाठी की लोकांसाठी यावरून भांडण, ते वेगळं पत्र होईल.

आणि हो, स्कायबस! नवीन पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. मडगावात खांबांवरून खाली लोंबकळत जाणारा डबा होता, आख्ख्या देशात पहिला म्हणून गाजावाजा, २००४ च्या सप्टेंबरात चाचणी चालू असताना अपघात झाला, एक कर्मचारी गेला. त्यानंतर ते खांब कितीतरी वर्षं नुसते उभे होते, २०१३ मध्ये पाडले. म्हणून कुणी मेट्रो मोनोरेल म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे साध्या बसला पैसा नसतो, लोंबकळणाऱ्या डब्याला असतो.

पैसा कुठून आणायचा असं कुणी विचारेल तर एक जागा मी दाखवतो. २००९ पासून गोव्यात इन्फ्रास्ट्रक्चर टॅक्स आहे, कायदाच आहे तसा, नवीन बांधकामाला चौरस मीटरमागे भरावा लागतो. डोंगर कापून व्हिला उठतात, दिल्लीचे लोक सेकंड होम घेतात, प्रत्येक प्रोजेक्टला हा टॅक्स लागतो. आता माझा भाबडा प्रश्न, ज्या गावात पन्नास नवीन फ्लॅट आले त्या गावाला त्या टॅक्सातून एक बस तरी वाढली का? पैसे सरकारी तिजोरीत एकत्र जातात आणि विरघळतात. नियम करा की यातला ठराविक वाटा बसच्या किलोमीटरसाठीच वापरायचा, दुसऱ्या कशाला नाही. रिजनल प्लॅनमध्ये, म्हंजे कुठल्या जमिनीवर काय करता येईल ते ठरवणाऱ्या आराखड्यात, झोन बदलायचा असेल, नगरनियोजन कायद्याचं १७(२) कलम म्हणा की ३९ए म्हणा, २०२३-२४ पासून हे आकडे गोंयकाराला तोंडपाठ झालेत, तर कन्व्हर्जनच्या, म्हंजे या झोनबदलाच्या, फाइलवर एक रकाना वाढवा, इथून जवळचा बसस्टॉप किती लांब आणि रात्रीची शेवटची बस किती वाजता. 'बस नाही' लिहिलेलं असेल तर कन्व्हर्जन नाही. २००७ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून रिजनल प्लॅन २०११ मागं घ्यायला लावला होता, तेव्हा डोंगर आणि शेतं वाचवायचा प्रश्न होता. पण त्या डोंगरावर घर झालं की तिथून निघणारी प्रत्येक गाडी आमच्याच रस्त्यावर येते, हा धागा तेव्हा फारसा कुणी जोडला नाही, मीही नाही.

पेट्रोलचंही सांगतो, लोक रागावतील. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, लिटरला अकरा रुपये उतरले, आम्ही सगळे खूश, मीही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पुढं तो हळूहळू परत वाढला. पण त्या काळात बस सुधारायला लागणारा पैसा आपण टाकीत ओतला असं आता वाटतं. पेट्रोल स्वस्त आणि बस नाही म्हटल्यावर माणूस स्कूटरच घेणार. आणि मग दरवर्षी अडीचशेच्या वर माणसं गोव्याच्या रस्त्यांवर जातात, त्यात दुचाकीवाले किती ते मॉर्चरीबाहेर उभं राहिलेल्याला विचारा. आमच्या वाड्यावरची दोन पोरं गेल्या तीन वर्षांत गेली, दोन्ही रात्री, दोन्ही कामावरून येताना.

मागणं फार नाही. आधी ज्या बस आहेत त्यांचं टाइमटेबल प्रत्येक स्टँडवर वाचता येईल असं लावा, फोंडा स्टँडवरच्या बोर्डाचा रंग उडून आता त्यावर फक्त 'मार्गे' एवढंच वाचता येतं. पणजी मडगाव शटलला रांगेत तिकीट काढून माणसं सरळ बसतात, भांडण नाही, तसंच फोंडा आणि डिचोलीला रात्री दहापर्यंत चालवा. दहा म्हणतोय, बारा नाही. गोमेकॉच्या दारातून रात्री साडेआठ, साडेनऊ, साडेदहाला चारी दिशांना एकेक बस सोडा, व्हिजिटिंग संपल्यावर त्या बायका जातात कुठं याचा विचार कुणीतरी करा. वेर्णे, कुंडई, मडकईच्या इस्टेटींना शिफ्टच्या वेळेला बस जोडून द्या, कंपन्यांकडून त्याचे थोडे पैसे घ्या, त्या देतील, पार्किंगची जागा वाचते त्यांची. आणि येत्या बजेटमध्ये किती कोटींचे रस्ते याच्या शेजारी बस किती किलोमीटर धावणार हाही आकडा छापा. मागच्या वर्षी किती धावली तेही छापा. मग आमदारांना विचारायला काहीतरी हातात राहील, नाहीतर विधानसभेत चर्चा टॅक्सीवरच संपते.

माझी मुलगी वेर्ण्याला कामाला आहे, कॉन्ट्रॅक्टवर, कंपनीची बस परमनंटवाल्यांनाच. तिची शिफ्ट रात्री दहाला सुटते. आतापर्यंत मी स्वतः गाडी घेऊन बोरी पुलापलीकडं जाऊन तिला आणत होतो, पण माझं वय झालं, रात्री समोरच्या गाड्यांचे लाइट डोळ्यांवर येतात. परवा तिनं स्कूटरचं डाउनपेमेंट भरलं. आईनं हेल्मेटला हळदकुंकू लावलं. आता घरात माणसं चार आणि गाड्या चार.

आपला,
फोंड्याहून पणजीला रोज जाणारा एक प्रवासी